सरळ भिंतीचं काडतूस

काडतुसाला भिंत असते हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही सौदीतल्या अबकैकच्या आमच्या स्वयंपाकघरात, बायकोला शेवग्याच्या शेंगा सोलून देताना. ओट्यावर फोन ठेवला होता आणि त्यातून माझा धाकटा भाऊ ओहायोहून बोलत होता. मक्याच्या शेतांमधल्या एका गावात तो राहतो. तिथं त्याच्याशिवाय भारतीय नाही, आणि हलाल मटणाचं दुकान गाठायचं तर अर्धा दिवस गाडीत जातो.

"भाई," तो म्हणाला, "अब्बांना एवढं विचार. हरणासाठी साडेतीनशे घेऊ की साडेचारशे?"

मला वाटलं मटणाबद्दल चाललंय. म्हटलं, एवढ्यानं काय होणार, किलोभर तरी घे. तो हसत सुटला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे प्रकरण शेवटी माझ्याच गळ्यात पडणार.

झालं होतं असं. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला हरणाच्या शिकारीला बोलावलं होतं. तिकडे हंगाम असतो, परवाना मिळतो, सरकारी शिकवणीसुद्धा करावी लागते, ती त्याने केली होती. एक हरण मिळालं तर हिवाळाभराचं मटण फ्रीझरमध्ये. प्रश्न फक्त दोन. पहिला म्हणजे, त्या राज्यात हरणावर रायफल चालवायची तर काडतूस सरळ भिंतीचंच लागतं. दुसरा प्रश्न त्याच्या बायकोचा. ती खेडकडची, आमच्याहून कडक. तिनं स्वच्छ सांगितलं होतं की अब्बा स्वतः हलाल म्हणाले तरच ते मटण माझ्या घरात येईल, नाहीतर शेजाऱ्याला देऊन टाक.

आता अब्बा कोण, तर माझे वडील, रत्नागिरीच्या खाडीकाठचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे राहायला आलेले. एके काळी गावचे शिकारी. शेताच्या राखणीसाठी लायसनची ठासणीची बंदूक होती त्यांची, आणि तिच्यातून राखणीपेक्षा जास्त भेकरं पडली. शिकारबंदीचा कायदा तेव्हा आला होता, पण आमच्या खाडीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. गावची पोरं हाकारा करून रान उठवायची, अब्बा झाडाआड उभे राहायचे, बार काढायचे आणि सुरी उपसून धावत सुटायचे. जनावरात धुगधुगी असताना त्याच्या गळ्यावरून सुरी फिरली तरच गाव ते खाणार. ही धावण्याची गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकली आहे की ती आम्हाला वाऱ्याच्या दिशेसकट पाठ आहे.

आणि हे अब्बा धाकट्याशी बोलत नव्हते. सहा वर्षं झाली होती. आई गेली तेव्हा त्याचे अमेरिकेचे कागद अडकलेले होते, देश सोडला असता तर परत आत घेतला नसता. तो आईच्या मातीला आला नाही. मी इथून कफीलच्या, म्हणजे इथल्या जामीन मालकाच्या, पाया पडून जाऊन परत यायची एक्झिट-रीएंट्री काढली आणि पोचलो. तो आला नाही. अब्बांनी आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्याचा फोन आला की ते उठून नमाजाला उभे राहायचे, वेळ असो वा नसो.

म्हणून विचारायचं मी, सांगायचं मी, आणि मधल्या मधे सडायचंही मीच.

पहिल्या दिवशी मी अब्बांना हळूच म्हटलं, धाकटा शिकारीला जाणार आहे, काडतुसाचं विचारतोय. अब्बा सोफ्यावर खजूर खात होते. बी काढून बशीत ठेवली आणि म्हणाले, "त्याला सांग, आईला माती द्यायला येळ नव्हता, आता हरणाच्या मागं धावायला येळ हाय काय."

मी स्वयंपाकघरात जाऊन भावाला लिहिलं: 'अब्बा विचार करून सांगतो म्हणतात.'

पुढचे तीन महिने मी हेच करत होतो. प्लांटमध्ये माझं काम मेंटेनन्स प्लॅनिंगचं. ऑपरेशनवाले मेंटेनन्सवाल्यांना जे बोलतात ते मी सभ्य भाषेत खाली पोचवतो, खालचं सभ्य भाषेत वर नेतो. दिवसभर हे करून दमून घरी यावं तर घरीही तोच धंदा, आणि इथं ओव्हरटाइमसुद्धा नाही.

पण अब्बांना राहवलं नाही, हेही खरं. दोन दिवसांनी चहा पिता पिता त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, "सरळ भिंत म्हंजे काय?"

आता हे समजावणं आलं. मी गुगलवर फोटो दाखवले तर त्यांना चष्म्यातून सगळी काडतुसं लिपस्टिकसारखी दिसत होती. शेवटी शुक्रवारी त्यांना कतीफला मासळी बाजारात घेऊन गेलो होतो, तिथून येताना एका प्लंबिंगच्या दुकानातून पितळेच्या नळीचा वीतभर तुकडा आणि एक रिड्यूसर घेतला. घरी टेबलावर मांडून शिकवणी घेतली. ही सरळ नळी, खालून वरपर्यंत सारखी, हे सरळ भिंतीचं काडतूस. आणि हा रिड्यूसर, खाली रुंद, वर गळा आवळलेला, हे दुसऱ्या जातीचं. गळा आवळलेल्यात मागे दारू भरपूर मावते आणि पुढे गोळी बारीक, म्हणून ती सुसाट लांब जाते. सरळवाल्यात गोळी जाड, वेग कमी, लवकर खाली येते. भावाचा मुलूख तळहातासारखा सपाट, शेतांच्या मधे घरं, म्हणून सरकार म्हणतं की लांब जाणारी नको.

अब्बांनी नळी हातात घेतली, डोळ्याला लावली, तिच्यातून माझ्या बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "शाणं सरकार हाय."

त्यांना कुठलंही सरकार शहाणं वाटल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, आता एका आठवड्यात निकाल लागेल.

कसला निकाल लागतो! भावाच्या यादीत तीन काडतुसं होती. एक पंचेचाळीस-सत्तर नावाचं, पणजोबांच्या काळातलं, भलं दांडगं. शेजारच्या म्हाताऱ्याकडे त्याची बंदूक होती आणि तो ती द्यायला तयार होता. दुसरं साडेचारशे, नव्या जमान्यातलं, पण धक्का असा देतं म्हणे की खांद्याला चार दिवस शेक घ्यावा. तिसरं साडेतीनशे, हलकं, पोरासोरांनाही झेपेल असं. भावाला शेजाऱ्याचं मन मोडता येत नव्हतं, म्हणून त्याचा कल पंचेचाळीस-सत्तरकडे होता.

मी अब्बांना ते वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, गोळीचं टोक कसं आहे? मी भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, चपटं, कारण त्या बंदुकीत गोळ्या नळीत एकामागे एक झोपतात, टोक अणकुचीदार असलं तर पुढच्या गोळीच्या बुडाला टोचून आतच बार व्हायचा. मी हे अब्बांना सांगितलं, आणि आपल्याला अगदी तांत्रिक माहिती देता आली म्हणून जरा खूश झालो. तीच माझी चूक.

"चपटं म्हंजे बोथट," अब्बा म्हणाले. "बोथट मारून मेलेलं म्हंजे दगड घालून मारल्यासारखं. मुरदार. खलास."

गावच्या मौलानांनी त्यांना तरुणपणी हे शिकवलं होतं की काठीनं, दगडानं, पडून मेलेलं खायचं नाही. ते बरोबरच होतं. पण चपट्या टोकाची रायफलची गोळी म्हणजे दगड, हे अब्बांचं स्वतःचं. मी म्हटलं, अब्बा, ती हरणाच्या आरपार जाते. ते म्हणाले, दगडही जोरात मारला तर जातो.

भावाचा व्हॉइस मेसेज आला: "भाई, अब्बांना सांग, जनावर पडल्यावर मी सुरी फिरवेनच की. मग टोक कसंही असलं तरी काय?"

आणि इथं अब्बांना खरा सूर सापडला. सुरी फिरवायची तर जनावर जिवंत पाहिजे. जिवंत पाहिजे तर गोळी अशी पाहिजे की ते पडेल, पण मरणार नाही. म्हणजे सगळ्यात हलकी. म्हणजे साडेतीनशे. आणि नेम छातीवर नाही, जरा मागे.

मी हे लिहायला बसलो तेव्हा माझाच अंगठा थांबला. जगात लोक काडतूस निवडतात ते जनावर चटकन मरावं म्हणून. माझा बाप असं काडतूस शोधत होता की ज्यानं ते नेमकं पुरेसं मरणार नाही. हे मी प्लांटमध्ये कुणाला सांगितलं असतं तर मला मेडिकलला पाठवलं असतं.

भाऊ उखडला. "भाई, शिकवणीत पहिलं वाक्य हेच शिकवलं. एका गोळीत संपवा, तडफडवू नका. मागे मारलं तर ते दुसऱ्याच्या शेतात मैलभर पळेल, मरेल कुठंतरी झुडपात, आणि मी सुरी घेऊन दाराशी गेलो तर लोक पोलिसांना बोलावतील. हे कोकण नाही म्हणावं."

मी अब्बांना सांगितलं: 'तो म्हणतो, तुमचं बरोबर आहे, पण तिकडे जमीन वेगळी आहे.'

अब्बा म्हणाले, "जमीन वेगळी, अल्ला वेगळा हाय काय?"

मी भावाला लिहिलं: 'अब्बा म्हणतात, काळजी घे.'

माझी बायको हे सगळं बघत होती. एकदा भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "तुम्ही दोघांनाही फसवताय." मी म्हटलं, मी शांतता राखतोय. ती म्हणाली, "मग दोघं अजून बोलत का नाहीत?" मला तिचा राग आला.

एखाद्या जाणत्या माणसाचा शब्द घ्यावा म्हणून मी आमच्या गल्लीतल्या मशिदीच्या इमामांना गाठलं. माझं अरबी म्हणजे इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, ऑफिसपुरतं. त्यात हरीण, गोळी, सुरी आणि ओहायो हे सगळं कोंबताना मला घाम फुटला. इमाम तरुण होते, शांतपणे ऐकून घेतलं, आणि हसून म्हणाले की गोळी जनावराला भेदून जाते, बार काढताना अल्लाचं नाव घेतलं असेल आणि पोचेपर्यंत जनावर मेलं असेल, तरी खायला हरकत नाही. पोचल्यावर जिवंत दिसलं तर मात्र सुरी फिरवा. टोकाचं विचारलं तर ते पुन्हा हसले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

धावत घरी आलो. अब्बांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हे लोक बाज उडवणारे. ह्यांना भेकराचं काय म्हायत?"

"अब्बा, ते आलिम आहेत!"

"आलिम असतील. शिकारी नाय."

त्यांच्या पुढे इलाज नव्हता. आणि मला ठाऊक होतं की इमामांचा निरोप मी भावाला परस्पर दिला तरी त्याच्या बायकोला तो चालणार नाही. तिला अब्बांचाच शब्द हवा होता. भावालाही, मला वाटतं, हरणापेक्षा तोच हवा होता. तोंडानं तो कधी म्हणाला नाही, पण नुसतं काडतूस निवडायचं असतं तर दुकानदाराने दहा मिनिटांत निवडून दिलं असतं. दर आठवड्याला तो नवीन शंका काढायचा. अब्बांच्या काळी वारा कसा बघायचे? अब्बा किती अंतरावरून बार काढायचे? मी वैतागून एकदा म्हटलं, तुला हरीण मारायचंय की माझा जीव घ्यायचाय? तो नुसता हसला.

मग आली बहरीनची फेरी. व्हिजिट व्हिसावर असलेल्या म्हाताऱ्यांना दर तीन महिन्यांनी देशाबाहेर नेऊन परत आणावं लागतं. इथले आम्ही सगळेच त्यांना गाडीत घालून समुद्रावरच्या पुलाने बहरीनला नेतो, तिकडे शिक्का, चहा, इकडे शिक्का, घरी. त्या दिवशी परत येताना कस्टमच्या रांगेत आम्ही उभे. भावाचा मेसेज आला आणि गाडीच्या स्पीकरवर वाजायला लागला. त्यावर अब्बांनी त्यांच्या भरदार आवाजात, काच खाली असताना, हिंदीतून मला समजावायला घेतलं. हिंदीतून का, ते अल्लाला ठाऊक, परमुलखात बसले की त्यांना हिंदी सुचतं. "बंदूक का मुंह इधर रखने का, बंदूक का घोडा ऐसा दबाने का," आणि हाताने दाखवत होते.

इकडे रायफलला बुंदुकिया म्हणतात. कस्टमचा पोरगा दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, गाडी बाजूला घ्या.

पुढचा तासभर काय सांगू! डिकी रिकामी, सीट उचललेली, अब्बा खुर्चीवर, मी उन्हात. माझ्या फोनमध्ये काडतुसांचे फोटो, प्रत्येकावर लाल बाण. कप्प्यात तो पितळेच्या नळीचा तुकडा निघाला, कारण अब्बा तो सगळीकडे बरोबर घेऊन फिरायचे. मी अर्ध्या अरबीत सांगत होतो की माझा भाऊ अमेरिकेत, हरीण अमेरिकेत, माझ्याकडे साधी गलोलसुद्धा नाही. शेवटी एक वयस्कर अधिकारी आला, त्याने फोटो बघितले, नळी बघितली, अब्बांची दाढी बघितली आणि विचारलं, हा शिकारी आहे? मी हो म्हटलं. तो अब्बांशेजारी बसला आणि त्याने फोनवर स्वतःच्या बाजाचे फोटो दाखवले. अब्बांनी माना डोलावल्या. "यल्ला, जा," तो मला म्हणाला, जणू सगळा उपद्व्याप मीच केला होता.

गाडीत बसल्यावर मी फुटलोच. पूल संपेपर्यंत ओरडत होतो. म्हटलं, माझी नोकरी जाईल, इकामा जाईल, दोघांच्या भांडणात मला फासावर चढवा. तुम्हाला त्याच्याशी बोलायचं नाही तर बोलू नका, पण मग काडतूस तरी त्याचं त्याला निवडू द्या! अब्बा खिडकीतून समुद्र बघत होते. ओरडून माझा घसा बसला तेव्हा ते म्हणाले, "साडेतीनशे सांग. आणि सांग, गोळी टोकदार घे."

मी सांगितलं. आणि भावाने ऐकलं. शेजारी खो खो हसला म्हणे, की धट्टाकट्टा माणूस आणि पोरांची बंदूक घेतोस. शेजाऱ्याची फुकटची बंदूक सोडून याने साडेतीनशेची विकत घेतली, टोकदार गोळ्या घेतल्या, आणि मक्याच्या शेताकडेला कागदावर बार काढून नेम बसवला. नेम कुठे धरणार ते मात्र त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नोव्हेंबर संपला, हंगाम उघडला, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या शनिवारी सुट्टी होती. मगरीबची, सूर्यास्ताची, नमाज होऊन अब्बा सोफ्यावर बसले होते, बायको चहा ओतत होती, आणि फोनवर भावाचा व्हिडिओ आला. तिकडे सकाळ. मी सवयीने स्वयंपाकघरात गेलो. त्याच्या अंगात नारिंगी जाकीट होतं, नाक लाल झालेलं, मागे कापलेल्या मक्याची खुंटं.

"भाई, पडलं."

"मुबारक!"

"पण मेलेलं होतं. मी पळत गेलो, सुरी हातात होती. डोळ्याला बोट लावून बघितलं. नाय हललं."

तीन महिन्यांची मेहनत, ती पितळेची नळी, ते कस्टम, तो इमाम, सगळं डोळ्यांपुढून गेलं. सगळ्यात हलकं काडतूस, आणि हरीण जागच्या जागी आडवं.

"अब्बांना सांग जिवंत होतं," तो घाईने म्हणाला. "सांग सुरी फिरवली, रक्त उडालं. बस एवढं सांग. ती घरी वाट बघतेय. अब्बांचा निरोप आला की गाडी आत घे म्हणालीय."

इतके दिवस मी दोघांची वाक्यं धुऊन, इस्त्री करून इकडून तिकडे पोचवली होती. हेही वाक्य पोचवलं असतं. अब्बांनी ऐकून मान हलवली असती, तिकडे मटण शिजलं असतं, आणि दोघं आणखी सहा वर्षं बोलले नसते. माझ्या पायापासून संताप चढला. त्याचा, अब्बांचा, आणि मला मधे उभं करणाऱ्या सगळ्यांचा.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तूच सांग."

बाहेर आलो आणि फोन अब्बांच्या तोंडासमोर धरला. ते उठायला लागले. मी म्हटलं, "बसा. मगरीब झालीय, इशाला वेळ आहे. तुमच्या मुलानं शिकार केलीय. पुढचं तुम्ही आणि तो." माझा आवाज चढला होता. बायको चहाची किटली हातात धरून तशीच उभी राहिली.

भाऊ म्हणाला, "अस्सलामु अलैकुम, अब्बा."

सलामाचं उत्तर द्यावंच लागतं. अब्बांनी दिलं, पुटपुटत. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि बघत राहिले. सहा वर्षांत धाकट्याची दाढी पिकली होती. मी ती रोज बघत होतो, त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

मला खात्री होती की तो आता खोटं बोलणार.

"अब्बा," तो म्हणाला, "मी पोचलो तेव्हा ते मेलेलं होतं. मी नेम छातीवरच धरला. मागे मारायला मना जमलं नाय."

"नीट बघितलंस?"

"व्हय."

"बिस्मिल्ला बोललास?"

"घोडा ओढायच्या आधी. मोठ्यानं बोललो. शेजारी दचकला."

अब्बा म्हणाले, "मग खा."

माझा ताबा सुटला. "खा? अब्बा, इमाम हेच सांगत होते! टोक, भिंत, साडेतीनशे..."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते फोनशी बोलत होते. "ठासणीची बंदूक. बार काढला की धुरात काय दिसायचं नाय. मी धावायचो. पण पोचायचो तवा निम्मी जनावरं गेलेली असायची. डोळ्याला बोट लावायचो, गार. तरी सुरी फिरवायचो आणि मागून येणाऱ्यांना ओरडून सांगायचो, जित्तं होतं. सगळ्या गावानं माझ्या शब्दावर खाल्लं."

आमची आई शिकारीचं मटण कधी खात नसे. रांधायची, वाढायची आणि स्वतः सुक्या मासळीशी भात खायची. वास येतो म्हणायची. आम्ही तिला चिडवायचो.

"तुझ्या आईला कळलं होतं," अब्बा म्हणाले. "मरेपर्यंत तिनं मना विचारलं नाय, आणि एक घास खाल्ला नाय. मी वाट बघत बसलो, विचारील तर सांगीन. तू न विचारता सांगितलंस."

तिकडे धाकट्याने जाकिटाच्या बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "अब्बा, मी आईच्या मातीला..."

"म्हायत हाय मना," अब्बा म्हणाले. "ते रडणं मागनं. आधी पोट फाड. ऊन चढलं तर मटण जाईल. सुरी उलटी धर, धार वर, आतड्याला लागता नये."

आणि दोघं सुरू झाले. अब्बा सोफ्याच्या कडेला येऊन बसले होते, हातवारे करत होते, ओरडत होते, अरे वरनं नाय, खालनं, आणि धाकटा व्हय अब्बा, व्हय अब्बा करत गुडघ्यावर बसून कापत होता. मी फोन धरून उभा होतो. माझा हात भरून आला. चहा निवला. मला एकदम जाणवलं की लहानपणी मीही ते मटण खाल्लंय, बोटं चाटून खाल्लंय, आणि पुन्हा पुन्हा मागून घेतलंय.

"अब्बा," मी म्हटलं, "म्हणजे आम्हाला तुम्ही जे खायला घातलंत ते..."

"गप रे," अब्बा म्हणाले. "त्याची सुरी दिसत नाय मना. फोन सरळ धर."

मी फोन सरळ धरला.